वाळूची पोती आणि दारातली माणसं

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नव्या प्रोजेक्टच्या पहिल्याच बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो : ‘ऑटोमेशन किती टक्के करणार?’ कधी क्लायंट विचारतो, कधी आपलाच मॅनेजर. सत्तर म्हणालात तर ऐंशी मागतात, ऐंशी म्हणालात तर शंभराला काय हरकत आहे म्हणतात. टक्के कशाचे, हे मात्र कुणी सांगत नाही. टेस्ट केसेसचे, वेळेचे, की सापडलेल्या बग्जचे? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात. नुसत्या लॉगिनच्या शे-दीडशे केसेसना स्क्रिप्ट लावली की आकडा टुमदार दिसतो. खात्यातून पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही, या वाटेवर एकही स्क्रिप्ट नसली तरी तो तेवढाच टुमदार राहतो.

*

आमच्या धंद्याचा पट्टा म्हणजे अंधेरी पूर्व. सीप्झ, एमआयडीसी, चकाला, मरोळ; पलीकडे पवई, उत्तरेला मालाडचं माइंडस्पेस. सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. पुढे तिथे दागिने आले, सॉफ्टवेअर आलं. सकाळी बोरिवली, घाटकोपर, मुलुंडहून जी गर्दी या भागात येते, तिच्यात टेस्टर पुष्कळ. मुलाखतीत त्यांना पहिल्यांदा विचारतात, ‘मॅन्युअल की ऑटोमेशन?’ त्या उत्तरावर पगार ठरतो. हाताने तपासणं आणि स्क्रिप्टने तपासणं, ही दोन वेगळी कामं आहेत. आपण त्यांना एकाच जिन्याची खालची आणि वरची पायरी समजून बसलो आहोत. घोळ तिथून सुरू होतो.

*

नवी रेल्वे किंवा मेट्रो गाडी रुळांवर आली की आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या चाचणीत डब्यांत वाळूची पोती रचतात. भरल्या गाडीइतकं वजन झालं की वेग, ब्रेक, हेलकावे मोजायचे. पश्चिम उपनगरांतल्या ‘२ अ’ आणि ‘७’ या मेट्रो मार्गांवर ३१ मे २०२१ ला चाचणी सुरू झाली, आणि लोक गाडीत बसले ते २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला. मधले दहा महिने चाचण्या, प्रमाणपत्रं आणि शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी यांत गेले.

पोती लागतातच. ब्रेक लागतो की नाही हे बघायला न पारखलेल्या गाडीत माणसं भरता येत नाहीत. शिवाय पोतं कंटाळत नाही. पन्नासाव्या फेरीलाही त्याचं वजन तेवढंच. पण पोतं दारात उभं राहत नाही. दार मिटताना पाठीवरची सॅक मध्ये अडकवत नाही. गुंदवलीला उतरल्यावर घाटकोपरच्या मेट्रोकडे जायचा रस्ता कुठला, म्हणून भलत्याच जिन्याने खाली जात नाही. ऑटोमेटेड टेस्ट ही अशी पोती आहेत. वजन माणसाचं, वागणूक कुणाचीच नाही.

*

मराठी फॉर्म तपासताना माणूस आणि यंत्र या दोन्ही हातांची गरज कशी पडते, याचं एक स्वच्छ उदाहरण.

‘कऱ्हाडे’ हे आडनाव संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं. एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरं साध्या ‘र्’ नंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. आता फॉर्ममध्ये येणारा कचरा काढायला प्रोग्रामरने एक सफाईचं फंक्शन लिहिलेलं असतं. ते ‘न दिसणारी’ सगळी चिन्हं पुसून टाकतं. मग दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या कऱ्हाड्यांचे प्रमाणपत्रावर ‘कर्हाडे’ होतात. स्क्रिप्टला यात काही वावगं दिसत नाही, कारण अपेक्षित उत्तरसुद्धा त्याच फंक्शनमधून गाळून घेतलेलं असतं. दोन्ही बाजू जुळतात, हिरवा दिवा लागतो. मराठी वाचणारा टेस्टर मात्र छापील कागद हातात घेतो आणि दुसऱ्या सेकंदाला म्हणतो, ‘अरे, हे काय?’

*

आता याची उलट बाजू. ‘ॲड.’ म्हणजे वकील. हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ लोक ‘अ’ वर चंद्र ठेवून ‘अॅ’ लिहीत आले. बहुतेक पडद्यांवर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे, आणि युनिकोडच्या नेहमीच्या एकसारखेपणाच्या नियमांनीही ते एक होत नाहीत. एकाने शोधलं तर दुसऱ्याने नोंदवलेला वकील यादीत सापडत नाही. इथे डोळा फसतो. चाळीस वर्षं मराठीची मुद्रितं तपासलेला माणूस बसवला तरी त्याला फरक दिसणार नाही. चार ओळींची स्क्रिप्ट तो क्षणात दाखवते.

पहिली चूक यंत्राला दिसत नव्हती, दुसरी माणसाला दिसत नाही. चांगला टेस्ट लीड कुठली चूक कुणाला दिसेल एवढंच ठरवतो. टक्के आपोआप पडतात.

*

स्क्रीनशॉटची तुलना करणारी साधनं आता आहेत. कालचं चित्र आणि आजचं चित्र पिक्सेल-पिक्सेल ताडून बघतात. उपयोगी आहेत. पण कालचंच चित्र चुकीचं असेल तर ती चूक इमानाने जपतात, आणि कुणी ती दुरुस्त केलीच तर लाल झेंडा दाखवतात.

*

लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ ला मध्यवस्तीत गाडी आणणाऱ्यांवर गर्दीशुल्क सुरू झालं, दिवसाला पाच पौंड. त्याचं कंत्राट होतं कॅपिटा या कंपनीकडे आणि सॉफ्टवेअर बांधलं मास्टेकने. तीच मास्टेक, जिची कचेरी वर्षानुवर्षं आमच्या सीप्झमध्ये होती. अंधेरीतल्या पोरांनी लंडनच्या वाहतुकीचा हिशेब ठेवला, ही गोष्ट इथे फारशी कुणाला ठाऊक नाही.

मला त्या यंत्रणेतली एक पायरी आवडते. कॅमेरे नंबरप्लेट आपोआप वाचतात. पैसे भरले की नाही हे संगणक आपोआप जुळवतो. पण दंडाची नोटीस घरी धाडण्याआधी तो फोटो माणूस डोळ्यांनी बघतो. कारण एका अंकाची गफलत झाली तर जो माणूस त्या दिवशी लंडनमध्ये नव्हताच, त्याच्या दारात दंड येतो. रोजच्या वाचनाला यंत्र आणि आरोपाआधी माणूस. चूक किती महाग पडेल हे बघून कामाची वाटणी केली की ती अशी सरळ होते.

*

‘माझ्या मशीनवर चालतंय.’ प्रोग्रामरच्या या एका वाक्याने अंधेरीत जेवढे बग बंद झाले असतील, तेवढे दुरुस्तीने झाले नसतील.

*

मुंबई विद्यापीठ, २०१७. उपनगरातल्या जवळजवळ प्रत्येक घरात त्या वर्षीची आठवण निघते, कारण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथली बहुतेक कॉलेजं त्याच विद्यापीठाची. उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायच्या असं ठरलं. साधारण १७ लाख उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा. ज्या उन्हाळ्यात ही पद्धत आणली, त्याच उन्हाळ्यात ती सगळ्या शाखांना लावली. निकाल रखडले. कुलपती म्हणून राज्यपाल विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती हुकली. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर आला. पदव्युत्तर प्रवेश, कायद्याचे प्रवेश, परदेशी विद्यापीठांची पत्रं, सगळं त्यात अडकलं. २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

टेस्टरच्या नजरेने बघितलं तर यात दोन निराळ्या परीक्षा हव्या होत्या. पहिली यंत्राची : इतक्या प्रतिमा एकाच वेळी उघडल्या तर सर्व्हर टिकतो का, स्कॅन झालेलं प्रत्येक पान योग्य विद्यार्थ्याच्या नावावर पडतं का. ही लाखो वेळा करून बघायची गोष्ट, हाताने होत नाही. दुसरी माणसांची : तीस वर्षं लाल पेनाने कागदावर तपासणाऱ्या प्राध्यापकांना पडद्यावर एका उत्तरपत्रिकेला किती वेळ लागतो, पान मागेपुढे करताना ते कुठे अडतात, कनेक्शन तुटल्यावर दिलेले गुण राहतात की जातात. त्यासाठी एखाद्या छोट्या शाखेत एक सत्र घालवावं लागतं. खरे प्राध्यापक, खऱ्या उत्तरपत्रिका. पहिली परीक्षा कितीही कसून घेतली तरी दुसरीचं उत्तर तिच्यातून निघत नाही.

*

२१ मे २०२५. अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात एकदम सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोसळलं. नोंदणी पुन्हा सुरू झाली ती २६ मे ला. त्याआधी विद्यार्थ्यांना सरावासाठी दोन दिवस दिले होते. सराव करणाऱ्याला फॉर्म समजतो; त्याने गर्दीची परीक्षा होत नाही. दहावीचा निकाल हातात घेऊन बसलेले राज्यभरातले आईबाप एकाच मिनिटाला बटण दाबतात तेव्हा काय होतं, हे बघायला हजार टेस्टर बसवले तरी अपुरेच पडतील. इथे ‘आमचा माणूस बघून घेईल’ हे वाक्य चालत नाही. जेमीटरसारखं साधन १९९८ पासून फुकट मिळतं. खोटी गर्दी उभी करायची, सर्व्हर कुठे मोडतो ते आपल्या सवडीने बघायचं. ही सगळी पोत्यांची कामं.

*

हातावर भिस्त ठेवली की काय होतं याचं जगातलं महागडं उदाहरण अमेरिकेतलं. १ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल ही शेअरदलाल कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवायचा होता. एकावर चढवायचा राहिला. तिथला जुना, विसरलेला कोड जागा झाला आणि शेअरबाजारात भराभर ऑर्डरी टाकत सुटला. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. आठही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का, एवढं बघणारी स्क्रिप्ट कुठलाही नवखा इंजिनिअर चहा पिऊन येईपर्यंत लिहितो.

जे काम आठ वेळा तंतोतंत तेच करायचं आहे, ते माणसाला देणं हा त्या माणसावरच अन्याय.

*

आमच्या टीममधली एक मुलगी रोज बोरिवलीहून येते. पेमेंट ॲपचा नवा बिल्ड ती मुद्दाम लोकलमध्ये उघडते. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन, चालतो फक्त अंगठा. तिने लिहिलेला बग असा : ‘रद्द करा’ खाली अंगठ्याशी आहे, ‘पुढे’ वर डाव्या कोपऱ्यात आहे, गाडीने हिसका दिला की रद्द होतं. स्क्रिप्टसाठी दोन्ही बटणं जागेवर होती, दोन्ही दाबली जात होती, दोन्ही आपापलं काम करत होती. डिझायनर म्हणाला, हा बग नाही, सूचना आहे. दोन आठवड्यांनी तीच गोष्ट ग्राहकांच्या तक्रारींत आली आणि सूचनेचा बग झाला.

*

उपनगरी तिकिटांचं यूटीएस ॲप रेल्वेच्याच ‘क्रिस’ने बांधलं. मुंबईत ते २०१४ च्या अखेरीस आलं, आणि २०१५ च्या जुलैत कागदाशिवाय तिकीट निघू लागलं. अट अशी होती की स्टेशनात, रुळांपाशी उभं राहून तिकीट काढायचं नाही. टीसी दिसला की लगेच तिकीट काढणाऱ्यांना तो चाप. किती लांबून काढता येईल याची बाहेरची मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये उठवली, आतली राहिली.

अशा अटीची स्क्रिप्ट लिहायला मजा येते. अक्षांश-रेखांश द्यायचे : इथे हो, इथे नाही. दोनशे बिंदू, दोनशे हिरवे दिवे. पण खऱ्या फोनला आपण कुठे आहोत हे इतकं नेमकं कळत नसतं. घाटकोपरला खाली रेल्वे, वर मेट्रो, बाजूला पूल आणि पुलाला लागून इमारती. तिथे जीपीएसचा ठिपका डुलत राहतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ॲप म्हणायचं, तुम्ही स्टेशनात आहात. हा अनुभव कितीतरी प्रवाशांना आला आहे. असा बग सापडवायचा तर टेस्टरने उठून घाटकोपरला जाऊन उभं राहायला हवं, तेही संध्याकाळी सातला. त्या वेळेचं बिल क्लायंटला लावता येईल का, ही आमच्या धंद्यातली खरी अडचण.

*

मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी हा टप्पा ७ ऑक्टोबर २०२४ ला लोकांसाठी खुला झाला. सीप्झ, एमआयडीसी, मरोळ नाका अशी स्टेशनं. म्हणजे आमची माणसं तिचे पहिले प्रवासी. खाली भुयारात मोबाइलचं नेटवर्क मिळेना. ॲप उत्तम, यूपीआय उत्तम, रेंज नाही. तिकीट काढायचं तर वरच काढून या. ‘नेटवर्क नसेल तर’ ही केस आमच्या प्रत्येक टेस्ट प्लॅनमध्ये असते, आणि वेळ कमी पडला की पहिली तीच कापली जाते.

*

सेलेनियम फुकट मिळतं. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्समधल्या जेसन हगिन्सने ते बनवलं. त्या वेळी बाजारात मर्क्युरी कंपनीच्या महागड्या साधनांचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर उतारा सेलेनियमचा, अशा विनोदातून हे नाव पडलं.

उतारा फुकट, पथ्य महाग. प्रोग्रामर एका बटणाचं आतलं नाव बदलतो आणि त्या बटणावरून जाणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट एका रात्रीत आडव्या होतात. पडदा अजून रोज बदलत असताना त्यावर स्क्रिप्ट लिहिणं म्हणजे महिनाभर नुसती डागडुजी. माझा नियम साधा : पडदा सलग दोन रिलीज स्थिर राहिला की मगच त्याला स्क्रिप्ट. तोवर हात.

*

गुगलने २०१६ मध्ये आपले आकडे जाहीर केले होते. त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्ट कधी ना कधी बेभरवशी वागत. कोड तोच, पण एकदा पास, एकदा नापास. एकूण दीड टक्का निकाल असे लहरी. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आमच्या मरोळच्या तिसऱ्या मजल्यावरची काय सांगावी? इथे त्यावर एकच औषध आहे : ‘रीरन मार.’ दुसऱ्यांदा हिरवं आलं की सगळे खूश.

आणि हळूहळू लाल रंगाला कुणी घाबरेनासं होतं. खरा बग येतो, लाल दिसतो. हातातला वडा खाली न ठेवताच कुणीतरी रीरन दाबतं. बेभरवशाची टेस्ट नसलेल्या टेस्टपेक्षा वाईट. ती दुरुस्त करा नाहीतर काढून टाका.

*

संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी साठच्या दशकाच्या शेवटीच सांगून ठेवलं आहे की टेस्टिंगने बग आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही. ‘शंभर टक्के ऑटोमेशन’ची पाटी लावणाऱ्यांनी आणि ‘आमचा अनुभवी माणूस सगळं बघतो’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे वाचावं.

*

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत आला. बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची ती नवरात्र कशी गेली असेल, कल्पना करा. हजारो वस्तू, प्रत्येकीचा जुना दर, नवा दर, बेरीज, पूर्णांक करताना पैशांची कुठे वाढ-घट. हे यंत्रानेच करावं. तक्ता द्यायचा, रात्रभर चालवायचं, सकाळी न जुळलेल्या ओळी बघायच्या.

पण मुलुंडच्या पाच रस्त्यावरचा दुकानदार पहिल्याच दिवशी असं काही विचारतो की जे तक्त्यात नसतं. ‘गिऱ्हाईक मागच्या आठवड्याचं बिल घेऊन माल परत करायला आलंय. आता कापायचे कुठल्या दराने?’ ‘पाकिटावर जुनी किंमत छापलेली आहे, बिलावर कुठली दाखवू?’ हे प्रश्न सुचण्यासाठी काउंटरपलीकडे कधीतरी उभं राहिलेलं असावं लागतं. एकदा सुचले की मग त्यांची स्क्रिप्ट करून टाका. पुढच्या दरबदलाला ते परत सुचायची गरज नाही.

हाताने प्रश्न शोधायचा, यंत्राने तो कायमचा राखायचा. दोघांच्या मधला रस्ता असा एका दिशेने सतत वाहता असला पाहिजे. ज्या टीममध्ये मॅन्युअलवाले एका खोलीत आणि ऑटोमेशनवाले दुसऱ्या, तिथे तो बंद असतो.

*

वांद्रे-कुर्ला संकुलातला राष्ट्रीय शेअरबाजार २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११.४० ला थांबला. दूरसंचाराच्या जोडण्या डळमळल्या, साठवणीची यंत्रणा हाताला लागेना, जोखीम मोजणारी व्यवस्था बंद झाली. व्यवहार परत सुरू झाले ते दुपारी पावणेचारला. पर्यायी केंद्र होतं, पण त्या दिवशी कारभार तिकडे हलवला नाही.

पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजाराने मुद्दाम खरे व्यवहार ठेवले : पहिलं सत्र मुख्य केंद्रावरून, दुसरं पर्यायी केंद्रावरून. खरे दलाल, खरे पैसे, फक्त वेळ सुट्टीची. यंत्रं अदलाबदल करतात आणि माणसं आपापल्या खुर्चीत बसून बघतात की फोन कुणाला करायचा, पासवर्ड कुणाकडे आहे. पर्यायी केंद्र कागदावर असणं आणि ते चालवून बघितलेलं असणं, यांतला फरक अशाच शनिवारी कळतो.

*

हल्ली एआय टेस्ट लिहून देतं. कोड दाखवला की मिनिटात पन्नास टेस्ट. झकास लिहिलेल्या असतात, वरच्या टिपांसकट. अडचण अशी की कोड वाचून लिहिलेली टेस्ट कोडचीच री ओढते. व्याज चुकीच्या तारखेपासून मोजलं असेल तर ती चुकीची तारीख बरोबर मोजली जाते आहे ना, हे ती काटेकोर तपासते. टेस्ट लिहिताना कोड मिटून ठेवावा आणि बँकेचा नियम उघडावा. हे माणसालाही लागू आहे आणि यंत्रालाही.

*

टेस्टिंग शिकवणाऱ्या क्लासांच्या पाट्या अंधेरी आणि घाटकोपर स्टेशनबाहेर दिसतात. पाट्यांवर साधनांची नावं : सेलेनियम, अपियम, प्लेराइट. ती शिकवायला हवीतच. पण समोर नवा पडदा आला तर पहिल्या दहा मिनिटांत काय काय करून बघायचं, हे कुठल्या पाटीवर वाचलं नाही. फॉर्म अर्धा भरून मागे जायचं. तेच बटण पटकन दोनदा दाबायचं. वडिलांच्या नावाची चौकट रिकामी सोडायची, कारण प्रत्येकाला ती भरता येत नाही. मध्येच फोन उचलायचा. बॅटरी दोन टक्क्यांवर आणायची. या कामालाही सराव लागतो, नोंदी लागतात, आणि ते करणाऱ्याला ‘नुसता मॅन्युअल’ म्हणणं बंद व्हावं लागतं.

*

नव्या मुलांना मी एका कागदावर लिहून देतो ते असं.

दर रिलीजला करायचं, उत्तर एकच, आकड्यांचं : यंत्र.

एकदम हजारोंनी करायचं : यंत्र.

आठ ठिकाणी तेच आहे का बघायचं : यंत्र.

पहिल्यांदाच बांधलेलं, अजून बदलतंय : हात.

वाचायचं, ऐकायचं, भर रस्त्यात वापरायचं : हात.

कुणाच्या पैशावर किंवा प्रवेशावर बेतणारं : दोन्ही, आणि शेवटची सही माणसाची.

*

ऑटोमेशनचा हिशेब मांडताना सगळीकडे एक वाक्य येतं : ‘दर रिलीजला इतके तास वाचतील.’ वाचतातही. प्रश्न आहे ते तास कुठे जातात हा. बहुतेक कंपन्यांत ते तास म्हणजे कमी केलेली दोन माणसं. मग स्क्रिप्ट जुनंच तपासत राहतात आणि नवे प्रश्न विचारायला कुणी उरत नाही. वर्षभर डॅशबोर्ड हिरवागार, आणि ग्राहकांचे फोन चालूच.

म्हणून टीम चालवणाऱ्यांना एकच सांगणं आहे. स्क्रिप्टने वाचवलेले तास टेस्टरच्याच नावावर ठेवा. प्रत्येक रिलीजमागे एक दुपार त्यांना बिल्ड घेऊन ऑफिसबाहेर सोडा : लोकलमध्ये, दुकानात, घरच्या म्हाताऱ्या माणसांसमोर. तिथून ते जे घेऊन येतील, त्याची पुढच्या आठवड्यात स्क्रिप्ट करा. आणि पुढच्या बैठकीत कुणी टक्के विचारले, तर आधी त्यांना विचारा : कशाचे?